घोषणेवाल्याची शुगर

मुरपारटोल्याच्या अल्काबाईला नवऱ्याच्या शुगरचा पत्ता मुंग्यांनी दिला.

मागच्या दारी न्हाणीच्या कोपऱ्यात दसऱ्यापासून मुंग्यांची रांग लागत होती. तिनं आधी राख टाकली, मग हळद टाकली, मग शिव्या घातल्या. मुंग्यांनी तिन्ही गोष्टी मनावर घेतल्या नाहीत. आता रात्री-बेरात्री माणूस जिथं लघवीला बसतो तिथं मुंग्या लागल्या की त्या घरात कोणाला तरी शुगर असते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अल्काच्या घरात माणसं दोन. लेक रीना लग्न होऊन सालेकशाला गेली होती. दोघांपैकी एक अल्का स्वतः, आणि तिला तर काहीच झालेलं नव्हतं. उरला सेवकराम.

शिवाय पुरावे होते. सेवकराम रात्री उठायचा. हे तिला पक्कं माहीत होतं, कारण तो उठायचा तेव्हा ती पाण्याच्या गुंडाजवळ, त्या पितळी घागरीपाशी, पाणी पीत बसलेली असायची. तो दिवसातून तीनदा भात खायचा, आणि चिडचिड करायचा. चिडचिड लग्नाच्या आधीपासूनची होती, पण पुरावा म्हणून तिनं तीही धरली. तिची स्वतःची तहान मिलमधल्या कोंड्याच्या धुळीची होती, थकवा बाईमाणसाचा होता, आणि पोलकं सैल होऊ लागलं होतं ते चांगलंच होतं. मिलमध्ये सोबत कामाला असलेली शामकला तिला म्हणाली होती, "मस्त बारीक होऊन राहिली वो तू, नवरीवानी." अल्का दोन दिवस खूश होती.

"रीनाचे बाबा, एकडाव सुई टोचून घ्या," ती म्हणायची.

"कायले?"

"शुगर पाहाले."

"नाही पाहिली तं नाही आहे. पाहिली तं आहे. मंग कायले पाहाची?"

"हे कोण्या डॉक्टरनं सांगतलं तुमाले?"

"डॉक्टरकडं गेलो असतो तं त्यानं वेगळंच सांगतलं असतं. म्हणून तं जात नाही."

या युक्तिवादामागं एक माणूस होता, म्हणून अल्का त्याला हसत नसे. सेवकरामचा मोठा भाऊ तुळशीराम. पायाच्या करंगळीला काटा लागला, तो लागलेला त्याला कळलाच नाही, आणि करंगळी काळी पडल्यावर दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर निघाली. आधी करंगळी गेली, मग पंजा गेला, मग तुळशीराम गेला. तपासणीच्या आदल्या दिवशीपर्यंत भाऊ सायकल चालवत होता, हे सेवकरामनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या हिशेबानं भावाला शुगरनं मारलं नव्हतं, तपासणीनं मारलं होतं. अल्काला मात्र नवऱ्याच्या पायाची करंगळी दिसली की तुळशीराम आठवायचा. सेवकराम झोपला की ती हळूच त्याच्या पांघरुणाचा सोगा उचलून त्याचे तळवे बघायची. एकदा तो जागा झाला आणि म्हणाला, "म्हातारपणी पाया पडाले लागली का तू?"

सेवकराम कोरडवाहू शेती करायचा आणि सवड मिळाली की गवंड्याच्या हाताखाली जायचा, पण पंचक्रोशीत त्याची ओळख या दोन्हींची नव्हती. तो घोषणेवाला होता. भीमजयंतीच्या मिरवणुकीत पुढं तोच. धानाला बोनस मागायच्या मोर्चात तोच. निवडणुकीत तर सोमवारी एका पक्षाच्या आणि बुधवारी दुसऱ्या पक्षाच्या जीपवर तोच, आणि दोन्ही दिवशी आवाजात तितकीच कळकळ. त्याला कोणी टोकलं तर म्हणायचा, "घोषणा देणाऱ्याचं काम घोषणा देणं. पाळाचं काम ऐकणाऱ्याइचं." गळा असा, की मुरपारटोल्यात बोलला तर कोहमाऱ्याच्या फाट्यावर ट्रकवाले हॉर्न कमी करायचे.

तर २०१०च्या दिवाळीनंतर अल्का जिथं कामाला होती त्या सुवर्णकण राईस मिलमध्ये नागपूरच्या हेडऑफिसातून हुकूम आला. १४ नोव्हेंबर, जागतिक मधुमेह दिन, त्या दिवशी रविवार. त्या दिवशी कंपनीची पदयात्रा निघेल. जितकी माणसं चालतील तितका निधी कंपनी मधुमेहाच्या संशोधनाला देईल, आणि शेवटी गावकऱ्यांची मोफत तपासणी होईल. वर्षभर तांदूळ घासून घासून पांढराशुभ्र करायचा आणि एक रविवार त्याबद्दल हळहळायचं, अशी ही योजना होती. योजना चांगलीच होती. वाईट एवढंच, की ती पार पाडायची जबाबदारी भैय्यालालजींवर आली.

भैय्यालालजी मिलचे लेबर ऑफिसर. माणूस गोंदियाचा, मनानं मऊ, पोटानं त्याहून मऊ. त्यांनी वाळवणीच्या आंगणावर बायांना गोळा केलं आणि समजावलं. या बायांचं काम म्हणजे उकडलेलं धान उन्हात पसरायचं आणि पायांनी ओळी पाडत ते दिवसभर फिरवायचं. सकाळी आठपासून सूर्य कलेपर्यंत त्या आंगणावर चालतच असत.

"तो संडे को सबको चलना है," भैय्यालालजी म्हणाले. "चलने से शुगर कंट्रोल में रहती है."

बायांनी एकमेकींच्या पायांकडं पाहिलं.

"आमी इथं काय करून राहिलो मंग?" शामकलेनं विचारलं.

"वो काम है, शामकलाबाई. ये वॉक है."

"फरक काय?"

"उसमें टी-शर्ट मिलेगा."

टी-शर्ट आले तेही एकाच मापाचे, बहुधा नागपूरच्या मोठ्या साहेबांच्या. रविवारी मंडई होती. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते, पाहुणे येतात, रात्री दंडारीचं नाटक रंगतं. अशा दिवशी घर सोडून शुगरसाठी कोण चालणार? दोन दिवसांत भैय्यालालजींचा चेहरा कोंड्यासारखा झाला.

अल्कानं हे सगळं पाहिलं आणि दुपारी डबा झाकून ती ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिली.

"साहेब, माणसं पायजेत का?"

"बहुत पायजेत, अल्काबाई. फोटो नागपूर भेजना है."

"मंग घोषणेवाला लावा. माह्या घरी आहे. तो पुढं चालला की गाव मांगं येते. कोणाचा जुलूस आहे हे पाहातही नाही."

भैय्यालालजी खुर्चीतून अर्धे उठले.

"पण एक गोष्ट आहे," अल्का म्हणाली. "तपासणीच्या रांगेत पहिला नंबर त्याचा. सगळ्याइसमोर नाव पुकाराचं. आधी त्याले सांगाचं नाही."

"काऊन?" भैय्यालालजी घाईत असले की त्यांच्या तोंडून मराठी बाहेर पडे.

"पळून जाईन ना तो."

भैय्यालालजींनी मान हलवली. त्यांचंही लग्न झालेलं होतं.

सेवकरामला बोलावणं गेलं तेव्हा तो मनातून फुलला. शेतकऱ्यांचा झाला, पक्षांचा झाला, रोगाचा जुलूस अजून त्याच्या हातून निघाला नव्हता. हेडऑफिसनं घोषणाही छापून पाठवली होती : ‘मधुमेहमुक्त समाजाकडे एक सशक्त व सजग पाऊल’. सेवकरामनं ती दोनदा वाचून घेतली.

"हे घोषणा नोहे," तो म्हणाला. "हे लग्नपत्रिका आहे. माणूस ‘सशक्त’ म्हणेपर्यंत जुलूस पुढं निघून जाते. राहू द्या, मी पाहून घेतो."

रविवारी सकाळी मिलच्या गेटवर सेवकराम पांढऱ्या शर्टात उभा राहिला. मागं लुगड्यांवर टी-शर्ट चढवलेल्या बाया, त्यामागं हमाल, त्यामागं बॅनर धरून भैय्यालालजी. सेवकरामनं घसा खाकरला आणि हात वर केला.

"रक्त कोणाचं?"

लोकांना काही सुचेना. त्यानंच हळूच सांगितलं, "‘आपलं’ म्हणा."

"आपलं," बाया म्हणाल्या.

"तपासन कोण?"

"आपण."

"सुईले भितो कोण?"

"कोणी नाही."

"जोरानं बोला, नागपूरले ऐकू गेलं पायजे."

जुलूस हलला. हायवे सोडून गावाच्या रस्त्याला लागेपर्यंत मागं शंभरेक माणूस वाढलं होतं. त्यात मंडईला आलेले पाहुणे होते आणि दोन फुगेवालेही होते. अल्का नवऱ्याच्या मागं चार पावलांवर होती. सुईला कोणी भीत नाही हे तो इतक्या खात्रीनं सांगत होता, की तिला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी गळा दाबावासाही वाटला.

मुरपारटोल्याच्या वेशीत घोटाळा झाला. तसा तो घोटाळा नव्हता, रीत होती. या गावातून कोणताही जुलूस निघाला, की रस्त्यावरची घरं त्याला पाणी देतात, गोड देतात. जुलूस कोणाचा हे विचारणं म्हणजे पाहुण्याला जात विचारण्यासारखं. आणि ते तरी आता उघडपणे कोणी विचारत नाही. तेव्हा सरपंचाच्या अनुसयाबाई सरबताची बादली घेऊन दारात उभ्या होत्या, शेजारी जिलबीची परात होती, आणि पलीकडच्या ओट्यावर बुंदी निघाली होती.

भैय्यालालजी बॅनर सोडून पुढं धावले. "अरे बाई, ये शुगर की रैली है."

"सांगतलं ना मले पोराइनं," अनुसयाबाई म्हणाल्या. "म्हणून तं साखरेचं केलं. दरवर्षी गुळाचं करत होतो."

"मगर शुगरवाले को साखर..."

"मंग काय तिखट देऊ का, भाऊ? पाहुणे होत तुमी."

भैय्यालालजी बॅनर पुन्हा धरायला मागं गेले. फोटोग्राफर फोटो काढत होता. ‘गोडाला निरोप द्या’ असं लिहिलेल्या बॅनरखाली पन्नास माणसं जिलबी खाताना त्यात छान आली. ‘लोकसहभाग उत्तम’ असा शेरा पुढं नागपूरहून आला म्हणतात.

गोडाचा पहिला मान पुढाऱ्याचा. सेवकरामच्या तोंडात अनुसयाबाईंनी जिलबी घातली, पुढच्या दारी कोणी पेढा घातला, त्यापुढं बुंदीची मूठ. एकेक घास नवऱ्याच्या तोंडात जाताना अल्का बघत होती आणि तिला दर घासाला तुळशीरामची करंगळी दिसत होती. घशाला कोरड पडली. तिनं सरबताचा पेला उचलला, मग दुसरा, मग बादली पुढच्या घरी जायच्या आत तिसरा.

शाळेच्या मैदानावर मंडप होता. टेबलामागं सिस्टर सुलोचनाबाई मशीन घेऊन बसल्या होत्या. तुळशीरामच्या पायाची पट्टी बदलायला घरी यायच्या त्या याच. जुलूस मंडपाशी येऊन थांबला, आणि सुईला न भिणारी सगळी माणसं टेबलापासून दहा हातांवर अर्धगोल करून उभी राहिली.

भैय्यालालजींनी माईक घेतला. "पहिला नंबर, हमारे घोषणावाले, सेवकरामजी."

टाळ्या पडल्या. सेवकरामनं वळून बायकोकडं पाहिलं. ती मंडपाच्या खांबाकडं बघत होती. मग त्यानं माईक भैय्यालालजींच्या हातातून अलगद काढून घेतला.

"माया-बहिणींनो," तो म्हणाला, "पंगतीत वाढणारा कधी बसते?"

"शेवटी," लोक म्हणाले.

"मी वाढणारा आहे. आधी पाहुणे, मंग गाव, मंग कार्यकर्ता. आपली रीत मोडाची का?"

"नाही," लोक म्हणाले. जे दहा हातांवर होते ते पंधरा हातांवर गेले.

रीत तर खरीच होती. भैय्यालालजी हात चोळत राहिले. सेवकरामनं माईक परत दिला आणि मंडईच्या पाळण्यांच्या दिशेनं तो असा निघाला, की जणू तिकडं त्याला कोणी बोलावलं आहे. त्या पाठमोऱ्या पांढऱ्या शर्टाकडं बघताना अल्काला कळलं, की हा शेवटी येणार नाही आणि पुढच्या वर्षीही येणार नाही. करंगळी काळी पडल्यावरच येईल. तिला रडू आलं नाही, राग आला. ती गर्दीतून पुढं झाली आणि टेबलासमोरच्या खुर्चीत धपकन बसली.

"घ्या माहं," ती मोठ्यानं म्हणाली. "पाहा लेकहो, कोणी मरत नाही सुईनं. रीनाचे बाबा, तुमीही पाहा."

सेवकराम थांबला. सुई टोचली. अल्कानं चेहरा मुद्दाम दगडासारखा ठेवला आणि बोट उंच धरून चारी बाजूंना दाखवलं. "झालं. मुंगी चावल्यावानी."

सुलोचनाबाईंनी मशीन पाहिलं. मग अल्काच्या बोटांकडं पाहिलं. "हात चिकट आहेत तुमचे. साबणानं धुऊन या, पुन्हा घेऊ."

अल्का हात धुऊन, पुसून आली. दुसऱ्या बोटाला सुई टोचली. या वेळी सुलोचनाबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला.

"तहान लागते का खूप?"

"लागते ना, मिलची धूळ."

"रात्री उठावं लागतं?"

"हे उठतात," अल्का म्हणाली.

"त्यांचं नाही विचारलं. तुम्ही?"

"मी तं जागीच राहतो."

"जाग्या का राहता?"

अल्का पुन्हा धुळीचं नाव घ्यायला गेली. पाण्याचा गुंड आठवला, न्हाणीचा कोपरा आठवला. मुंग्यांची काही चूक नव्हती. त्यांनी पत्ता बरोबर दिला होता. नाव तिनं स्वतःच्या मनानं घातलं होतं.

"तीनशेच्या वर आहे, अल्काबाई," सुलोचनाबाई म्हणाल्या. "सरबताची थोडी असेल, पण सगळी सरबताची नाही. उद्या उपाशीपोटी दवाखान्यात या, पक्कं पाहू."

सेवकराम कधी येऊन पाठीशी उभा राहिला ते तिला कळलं नाही. मिलभर, गावभर, हायवेभर पोचणारा गळा. त्यातून एवढासाच शब्द निघाला.

"उठ," तो म्हणाला.

"मी कायले उठू?"

"मले बसाचं आहे."

ती उठली, तो बसला. डोळे घट्ट मिटून त्यानं दोन्ही हात पुढं केले. दहाही बोटं पुढं केली. सुलोचनाबाईंनी त्यातलं एक निवडलं. मशीन बोललं, आणि सुलोचनाबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही. एवढी जिलबी खाऊनही नाही."

असं ऐकून माणसानं खूश व्हावं. सेवकरामनं मशीन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "अदलाबदली झाली असंन. तिची मले लावा, माही तिले लावा."

"तसं लावता येत नाही."

"मंग पुन्हा पाहा. मी हिच्या दुप्पट भात खातो."

"भात कमी करा, पण दुसऱ्यांदा बघायची गरज नाही. उठा, मागं रांग आहे."

रांग खरंच लागली होती. घोषणेनं जी हलली नव्हती ती माणसं अल्काच्या हात धुण्यानं हलली. आपल्यातलीच एक, मिलवर धान फिरवणारी, हसती-बोलती, हिला असू शकते तर आपल्याला का नाही, हा विचार पंधरा हातांचं अंतर चालून आला होता. शामकला पहिली होती. ती आपल्या पोलक्याचा सैलपणा चिमटीत धरून बघत होती.

मंडईच्या त्या रात्री दंडारीचा ढोल वाजत होता आणि सेवकराम ओट्यावर बसून होता. "भाऊले समजलंच नव्हतं काटा लागलेला," एवढंच तो एकदा बोलला. अल्कानं त्याला जेवायला वाढलं. तो जेवला नाही. मग तिनं त्याला झापलं, तेव्हा जेवला.

सोमवारी दोघं उपाशीपोटी दवाखान्यात गेली. उपाशी राहायचं अल्कानं होतं, पण सेवकरामनंही चहा घेतला नाही. शुगर पक्की निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भात किती आणि भाजी किती ते सांगितलं. आंगणावर धान फिरवायला जाते, तर तळपायांना कापडी मोजे घालूनच जायचं, असंही सांगितलं.

"हे बरं होते का, साहेब?" सेवकरामनं विचारलं. आवाज इतका लहान होता की डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागलं.

"बरं होत नाही. सांभाळता येतं. वीस वर्षं, तीस वर्षं सांभाळतात लोक. तुमचे भाऊ आले तेव्हा सांभाळायला काही उरलं नव्हतं. या वेळेवर आल्या."

"चुकून आली," अल्का म्हणाली.

"चुकून आलेलेही चालतात आम्हाला," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, पाय बघून घ्या यांचे."

सुलोचनाबाईंनी अल्काला बाकावर पाय लांब करून बसवलं. त्यांच्या हातात नायलॉनचा दोऱ्यासारखा बारीक तंतू होता. "डोळे मिटा. पायाला लागलं की ‘हो’ म्हणा. नाही लागलं तर गप्प राहा. मनानं म्हणू नका."

अल्कानं डोळे मिटले. सेवकराम बाकाच्या टोकाशी उकिडवा बसला, तंतूच्या टोकाला नाक लागेल इतका जवळ.

तंतू अंगठ्याला लागला. "हो," अल्का म्हणाली.

टाचेला. "हो."

चवड्याला. "हो."

दुसरा पाय. अंगठा, हो. टाच, हो. मग तंतू करंगळीकडं गेला आणि खालच्या खळगीत टेकला. अल्का काही बोलली नाही. सुलोचनाबाईंनी पुन्हा टेकवला. अल्का काही बोलली नाही. सेवकरामनं बाकाची कड पकडली.

अल्काचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि खांदे हलत होते. सेवकराम तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिला.

"रडू नको ना," तो म्हणाला.

"रडून नाही राहिलो," अल्का कशीबशी म्हणाली, आणि पाय झटकन ओढून घेत फसकन हसली. "गुदगुल्या होऊन राहिल्या ना, सिस्टर. कवाच्या दाबून राहिलो."

सुलोचनाबाईही हसल्या. "म्हणजे शाबूत आहेत पाय," त्या म्हणाल्या आणि तंतू डबीत ठेवू लागल्या.

सेवकराम उकिडवाच होता. त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"सिस्टर," तो म्हणाला, "त्या करंगळीले आणखी एकडाव लावा ना."